बॉनेट उघडायचा हक्क मालकाचा

जुन्या गाडीला घरी हात लावू नये, असं सांगणारी मंडळी हल्ली फार वाढली आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी आता गुंतागुंतीची झाली आहे, अर्धवट माहितीवर तिच्यात हात घालणं धोक्याचं. बल्ब असो की बॅटरी, गाडी सर्व्हिस सेंटरला द्यावी, पावती घ्यावी आणि मोकळं व्हावं. शिकल्यासवरल्या माणसाने रविवारची सकाळ ग्रीसमध्ये घालवू नये, त्याच्या वेळेला किंमत आहे. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर तिच्यामागे राबण्यापेक्षा ती काढून टाकलेली बरी. हे सगळं काळजीपोटी सांगितलं जातं, हे मी मान्य करतो. पण सल्ला मला साफ अमान्य आहे. रत्नागिरीत राहणाऱ्याने तो मानला, तर त्याचं नुकसान ठरलेलं आहे.

आधी इथली हवा पाहा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले महिने मांडवी-भाट्याच्या किनाऱ्यावरून खारा वारा येतो, जांभ्याची तांबडी धूळ प्रत्येक फटीत जाऊन बसते. या तिन्हींमुळे गाडीला जे होतं ते दरवर्षी होतं, ठरल्या वेळी होतं, कौलांवर शेवाळ धरावं तसं. पावसाळ्याआधी कौलं परतायला आपण कुणाची वाट पाहत नाही. गाडीचं मात्र पुढच्या सर्व्हिसवर ढकलतो, आणि तिथेच किरकोळ गोष्ट मोठी होते. माझा सगळा वाद एवढ्याच मुद्द्यावर आहे: किरकोळ बिघाड गॅरेजच्या दारापर्यंत जायला थांबला, की पोहोचेपर्यंत तो किरकोळ राहत नाही.

बॅटरी घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड धरते, करंटची वाट अडते, आणि सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं. मालक म्हणतो, बॅटरी गेली. पुष्कळदा ती ठणठणीत असते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवावा, जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासावं, कोरडं करून घट्ट आवळावं, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी; म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. एवढ्याने भागलं नाही तर मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले, तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही शाबूत आहेत. ही तपासणी दहा मिनिटांची. ती न करता चार-पाच हजारांची नवी बॅटरी घेऊन घरी आलेली माणसं मी पाहतो आणि मला मनापासून वाईट वाटतं. नव्या बॅटरीला तीच गंजलेली टोकं जोडलेली असतात, म्हणजे चार महिन्यांनी पुन्हा तेच.

याहून बोलका नमुना शेजारच्या काकांच्या गाडीचा. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद उजळायचा, आणि इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच तालात उघडझाप करायची. एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं, मागचं सगळं वायरिंग बदलावं लागेल, गाडी दोन दिवस ठेवा.

‘काका, देण्याआधी एकदा डिकी उघडा. डावीकडचं अस्तर बाजूला घेऊ.’

‘अरे, वायरिंगला आपण कसा हात लावायचा?’

‘वायरिंगला नाही लावायचा. एक बोल्ट सोडायचाय फक्त.’

अस्तराच्या मागे, दिव्याच्या खाली, एक काळी वायर पत्र्याला बोल्टने धरलेली होती. तिच्या टोकाची तांब्याची कडी हिरवी पडली होती, खालच्या पत्र्यावर तांबूस बुरशीसारखा गंज. दिव्यातून गेलेला करंट याच वायरने बॉडीत उतरून बॅटरीला परततो. ती वाट गंजाने अडली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीचा रस्ता काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उजळतो तो त्यामुळे. दहाच्या पान्याने बोल्ट सोडला, कडी आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट पुन्हा आवळला, वर व्हॅसलीन लावलं. दिवे जागच्या जागी आले. काका बराच वेळ ब्रेक दाबून मागे बघायला सांगत होते. पैसे वाचले हे खरंच, पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. त्या दिवसापासून आपल्या गाडीत करंट कुठून जातो आणि कुठून परततो, हे काकांना कळलं. त्यांना आता कुणी ‘सगळं वायरिंग’ म्हटलं, तर ते आधी विचारतील, ‘अर्थिंग बघितलंत का?’

या प्रश्नाची किंमत मोठी आहे. गॅरेजमध्ये होणारी फसवणूक बहुतेक वेळा खोटेपणातून होत नाही, ती घाईतून होते. दिवसाला दहा गाड्या काढायच्या असतात, तेव्हा शोधत बसण्यापेक्षा बदलून टाकणं सोपं पडतं. मालकाला काहीच ठाऊक नसेल, तर बदलण्याचं बिल तो मुकाट भरतो.

पावसाळ्यात पुढच्या सीटखाली पाणी साचतं, तिथेही तेच. आधी बोट बुडवून वास घ्यावा. वास गोडसर आणि पाणी चिकट असेल, तर ते कूलंट आहे, हीटरचा रेडिएटर गळतोय, गाडी गॅरेजला न्यायची. पाणी स्वच्छ असेल आणि एसी लावल्यावरच येत असेल, तर एसीची ड्रेनची नळी तुंबली आहे. खालून मऊ तारेने किंवा हवेच्या फुंकरीने मोकळी होते. आणि नुसत्या पावसाने येत असेल, तर पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजून निचऱ्याची भोकं बंद झाली आहेत. ती हाताने उपसायची. अशीच छोटी भोकं प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला असतात. तांबड्या मातीने ती बुजली की दाराच्या पोटात पाणी राहतं आणि पत्रा आतून खात जातो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. मे महिन्यात एका खराट्याच्या काडीने होणारं हे काम, आणि त्याच्या अभावी पुढे पत्र्याचं आणि रंगाचं हजारोंचं बिल.

जिच्याकडे अजून कार्ब्युरेटरच्या काळातली मारुती ८०० आहे, तिने पावसाळी सकाळी गाडी सुरू होत नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसून पाहावी. दमटपणामुळे ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळते. मी मुद्दाम ‘तिने’ म्हणतो. गाडी चालवणाऱ्या बाईला बॉनेट उघडता यायचं नाही, हे आपल्याकडे गृहीतच धरलं जातं. गाडी तिच्या नावावर असते, हप्ते ती भरते, आणि काय बिघडलंय हे मात्र तिच्या नवऱ्याला किंवा भावाला फोन करून सांगितलं जातं. फ्यूज बदलायला ताकद लागत नाही. लागते ती माहिती, आणि ती तिच्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही, याचा मला राग आहे.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं दुखणं वेगळंच. गणपतीला गावी आणलेली किंवा आई-वडिलांसाठी घराशी ठेवलेली गाडी महिनोन् महिने हँडब्रेक ओढून उभी असते. दमट हवेत मागचे ब्रेक-शू ड्रमला गंजाने चिकटतात. मग सुट्टीच्या पहिल्याच दिवशी गाडी जागची हलत नाही, टो करायला माणूस शोधावा लागतो. उपाय फुकट आहे: जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून ठेवा, गाडी गिअरमध्ये घाला आणि चाकाला पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा. राजापूर किंवा मंडणगडच्या आतल्या गावात हा उपाय ठाऊक असणं आणि नसणं, यात सुट्टीच्या अख्ख्या दिवसाचा फरक पडतो.

आता धोक्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण विरोधकांचं सगळ्यात मोठं शस्त्र ते आहे. धोका असतो, तो मी नाकारत नाही. पण तो कुठे असतो ते नीट पाहू. भर पावसात, रात्री, आंबा घाटात वायपर बंद पडला आणि डावा हेडलाइट गेलेला असला, तर धोका तिथे आहे. त्या वळणांवर सर्व्हिस सेंटर नसतं, आणि मोबाइलच्या रेंजवर भरवसा टाकून बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी फ्यूजची पेटी कुठे आहे, लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा आणि पिवळा २० चा, उडालेल्याच्या जागी त्याच अँपिअरचा लावायचा, एवढं ज्याला येतं तो घरी पोहोचतो. ज्याला येत नाही तो चांदीचा कागद गुंडाळून ठोकून देतो आणि पुढे वायर जळते. म्हणजे गाडी पेटवणारा अडाणीपणा हा हात लावण्यातून आलेला नाही. हात लावायला कधी शिकवलं नाही, त्यातून तो आला.

शिवाय जुन्या गाड्यांचं वायरिंग कुणी बिघडवलं, तेही पाहा. ज्या हेडलाइटला ६०/५५ वॉटचा बल्ब सांगितलेला आहे, तिथे ‘लाइट भारी पडेल’ म्हणून १००/९० चा बसवलेला मी अनेक गाड्यांत पाहतो. होल्डर वितळलेला असतो, वायर कडक होऊन तुटायला आलेली. हे काम घरच्या मालकाने केलेलं क्वचितच असतं, ते दुकानात पैसे देऊन करून घेतलेलं असतं. मालक बल्बवरचा आकडा वाचायला शिकला असता, तर हे झालं नसतं.

जिथे खरोखर हात लावू नये, त्या जागा मी ठामपणे सांगतो. ब्रेकची ऑइलची लाइन, स्टिअरिंग, एसीचा गॅस, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरी: यांपासून लांब राहा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीही शिरू नका, मग काम कितीही छोटं असो. आणि गाडी पुरात बुडाली असेल, तर चावीला हातही लावू नका. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून चालू करायला गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धुऊन-वाळवून वाचू शकलं असतं ते इंजिन कायमचं जातं. बॅटरी सोडायची, गाडी ओढून न्यायची. हे ज्ञानही ‘हात लावण्याच्या’ शिक्षणातलंच आहे. कुठे थांबायचं हे त्यालाच कळतं, ज्याने आधी थोडं उघडून पाहिलेलं असतं.

वॉरंटीची भीती जुन्या गाडीच्या बाबतीत मुळातच लागू नाही. तिची वॉरंटी कधीच संपलेली असते. पण या भीतीमागचा विचार तपासायला हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देता दुरुस्तीचा बाजार आपल्या अधिकृत केंद्रांपुरता अडवून ठेवला, असा ठपका होता. बाहेर काम करून घेतलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या या आदेशाविरुद्ध वरच्या दारी गेल्या आणि वाद लांबत राहिला. मुद्दा मात्र सरकारी कागदावर आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर मोटारीही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ सालीच हा हक्क मतदानाने मंजूर केला. तेव्हा ‘हे तुमचं काम नाही’ हे वाक्य कोणाच्या फायद्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. आणि सगळ्यात मोठा साक्षीदार तुमच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला आहे. कंपनीने गाडीबरोबर दिलेलं पुस्तक उघडा. फ्यूज, बल्ब, चाक बदलणं, वायपरची पट्टी, कूलंट आणि ऑइलची पातळी हे सगळं मालकाने कसं करायचं, ते चित्रांसह छापलेलं असतं.

‘मेकॅनिकच्या पोटावर पाय देता’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो चांगल्या मनाने घेतलेला असतो. पण रत्नागिरीतल्या कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये सणाच्या सुमारास जाऊन उभं राहा. गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या गाड्या, कशेडी आणि परशुराम घाटातून धडपडत आलेले क्लच, तापलेली इंजिनं. मिस्त्री मान वर करू शकत नाही. ज्याच्या कानाला टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यातला फरक कळतो, त्याने बल्ब बदलण्यात वेळ घालवावा का? त्याची खरी मदत आपण केव्हा करतो? नीट सांगतो तेव्हा. ‘गाडी बरोबर चालत नाही’ असं सांगणारा मालक त्याचा अर्धा तास खातो. ‘सकाळी पहिल्या स्टार्टला, पाऊस पडून गेला असेल तरच, दोन मिनिटं एक सिलिंडर मिस होतो आणि मग गाडी सरळ होते’ असं सांगणारा त्याला थेट प्लग आणि कॉइलकडे नेतो. चांगले मिस्त्री अशा मालकाशी प्रेमाने बोलतात, चहा मागवतात. त्यांना ग्राहक गमावल्यासारखं वाटत नाही, आपल्या कामाची कदर असणारा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

‘आता सगळं इलेक्ट्रॉनिक झालंय’ हा दावाही अर्धाच खरा आहे. गेल्या दशकभरातल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो. त्यात हजारभर रुपयांचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की इंजिनचा दिवा का लागला, त्याचा कोड मोबाइलवर दिसतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड वाचून लगेच भाग आणायला धावू नये. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, तिथे इंजिन थंड झाल्यावर पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदलावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. आता पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. प्लग पाहावा, इंजेक्टर पाहावा. यात कसलं गूढ आहे? ही साधी, क्रमाने केलेली तपासणी आहे, आणि शाळेत विज्ञान शिकलेल्या कुणालाही ती जमते.

शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत, हे तर मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे गृहस्थ; १८८८ साली भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि तिथून पुढे नांगर, पंप आणि १९१० ची किर्लोस्करवाडी उभी राहिली. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनलेली पद्मिनी घराघरांत आली, ती बाळगणारे मास्तर, वकील, डॉक्टर पॉइंट घासायला आणि प्लग साफ करायला सहज शिकले होते. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. इतकी वर्षं त्या टॅक्सी चालल्या, त्या त्यांच्या ड्रायव्हरांच्या हातांवर.

राहिला ‘काढून टाका’ हा सल्ला. दिल्लीच्या परिसरासाठी १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. त्यांची भीती इथे दाखवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांनी तपासून घेऊन पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदवता येते. मात्र या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर आहेच. निवृत्त शिक्षक, छोटा बागायतदार, दोन मुलांना कॉलेजात पाठवणारं कुटुंब: जुनी गाडी ठेवतात ती हौस म्हणून नाही, नवीन परवडत नाही म्हणून. तपासणीत आरटीओ काय पाहतो? दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, ब्रेक, धूर. यातला ब्रेक सोडला तर बहुतेक गोष्टी मालकाच्या आवाक्यातल्या आहेत. ज्याने वर्षभर त्या सांभाळल्या, त्याला तपासणीच्या आदल्या दिवशी धावपळ करावी लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि व्यवहारी आहे. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवायला लावतात. तिथेच फ्यूज बदलून, चाक बदलून आणि टर्मिनल सोडून-जोडून दाखवायला लावा. ड्रायव्हिंग स्कूलने शेवटचा तास बॉनेट उघडून घ्यावा. आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणारे निदेशक आहेत, वर्कशॉप आहे, पाने आहेत. नागरिकांसाठी दोन दिवसांचा वर्ग तिथे घ्यायला काहीच अडचण नसावी. फी माफक ठेवावी, बायकांसाठी वेगळी तुकडी करावी लागली तर करावी, आणि प्रत्येकाने आपलीच जुनी गाडी घेऊन यावं. मृग लागायच्या आधी, मेमधला कुठलाही शनिवार-रविवार चालेल.